सगुणाबाईंचा शनिवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या कल्याणच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असे, आणि आदल्या शनिवारी दुपारी सगुणाबाई क्षमा मागायला निघत. पांढरं पातळ, पायांत पुरुषी वाटाव्यात अशा जाड वहाणा आणि काखेत छत्री, मग ऊन असो, पाऊस असो की काहीच नसो. नगरपालिकेच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. निम्म्या कल्याणची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली, त्यामुळे एरवी त्या सगळ्यांना सरसकट अरे-तुरे करत. शनिवारी मात्र अगदी पोरासोरांनासुद्धा अहो-जाहो. मागायला आलेल्या माणसानं अरे-तुरे करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. त्या मेजाशी येण्यापूर्वी कुणाशी काही वाकडं झालं असेल तर ते मिटवून यावं, अशी आमच्यात शिकवण आहे. ती सगळ्यांना पाठ असते. सगुणाबाई ती पाळत, एवढाच फरक.

आणि पाळत म्हणजे किती! बाजारात खाडीकडची एक कोळीण बसायची. तिच्यापुढे एका शनिवारी बाई हात जोडून उभ्या राहिल्या. "तुमच्या बोंबलांना मी मनातल्या मनात शिळे म्हटलं. ते ताजे होते. मला क्षमा करा."

कोळीण पाटीमागून उठलीच. "अगो बाय, मनान बोललीस ती मना कुठं ऐकू आली? आता सांगलीस म्हनून राग आला!" आणि रागारागानंच तिनं बाईंच्या पिशवीत दोन बोंबील जास्तीचे कोंबले. ते फुकटचे बोंबील खावेत की परत करावेत, या विचारात बाईंचा पुढचा सबंध आठवडा गेला असणार. दवाखान्याचे डॉक्टर तर उघड म्हणायचे, "नर्सबाई, तुमचा शनिवार आला की मला धडकी भरते. तुम्ही माझी क्षमा मागून जाता आणि मग मला दिवसभर माझंच काय काय आठवत राहतं."

आम्ही मंडळीतली तरुण मुलं त्यांना हसत असू. मी सगळ्यांत जास्त हसे. ठाण्याच्या एका कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो, तेवीस वर्षांचा होतो, मंडळीच्या तरुण संघाचा चिटणीस होतो, आणि मला प्रार्थना फार सुरेख करता येई. हे मी कौतुकानं सांगत नाही. उपासनेत पाळकसाहेबांनी "प्रभाकर प्रार्थनेत चालवील" म्हटलं की मी उभा राहायचो आणि दोन मिनिटांत बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. कधी कधी माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खरं असायचं, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे.

एकदा तरुण संघात मी निबंध वाचला. नेमधर्म म्हणजे वाळलेला धर्म, देवाला घड्याळ नको, हृदय हवं, अंतःकरण भरून आल्याशिवाय केलेली प्रार्थना ही नुसती बडबड, असा एकूण सूर. सगुणाबाई पुढच्या बाकावर बसून मान डोलावत होत्या. संपल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "छान वाचलंस हो. सकाळी उठतोस किती वाजता?"

मी म्हटलं, "उठतो सात-साडेसातला."

"बरं," एवढंच म्हणून त्या गेल्या.

त्या स्वतः पाचला उठत. घोंगडीची घडी जमिनीवर टाकून तिच्यावर गुडघे टेकत आणि स्टेशनाकडून सुरुवात करून आळीतल्या एकेका घरासाठी नावानिशी प्रार्थना करत. घर ख्रिस्ती की हिंदू, हे त्यात नसे. तेलीणबाईंचा दमा, जोश्यांच्या मुलाची मॅट्रिक, पलीकडच्या वाण्याचं बायकोशी न बोलणं, सगळं त्या रांगेत यायचं. मग पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय. त्यात वंशावळ्यांचे अध्याय येतात, अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला, अशी नावांची लांबच लांब माळ. आम्ही ती पानं सरळ उलटून जातो. बाई ती मोठ्यानं वाचायच्या. "ही कुणाची तरी बाळंतपणंच आहेत की रे," त्या म्हणायच्या. "एवढ्या बाया अडल्या असतील, सुटल्या असतील. नुसतं नाव वाचायचा काय कंटाळा?"

शुक्रवारी त्या संध्याकाळपर्यंत उपास करत, पण बाळंतीण आली की उपास तिथंच मोडून भाकरी खाऊन घेत. "माझे हात थरथरले तर त्या पोराला माझा उपास भोवायचा," म्हणत. घराघरांतलं एवढं बघूनही या घरातलं त्या घरात कधी बोलल्या नाहीत. बाळंतपणाहून आल्या की पाव तास कुणाशीही न बोलता ओट्यावर बसत आणि ऐकलेलं तिथंच ठेवून मग आत जात. मी एकदा विचारलं, "बाई, रोज रोज मन लागतं का हो तुमचं प्रार्थनेत?"

"कुठं लागतं! निम्मे दिवस मेलं दूध उतू जाईल याच्याकडे लक्ष असतं."

"मग काय उपयोग?"

"अरे, बाळंतीण काय माझं मन लागायची वाट बघते? हाक आली की जायचं. तसंच हे. आपण जाऊन बसावं. मन येतं मागून. नाही आलं तर नाही आलं."

मला हे उत्तर तेव्हा फारच सामान्य वाटलं होतं.

सिमोनची गोष्ट सांगायची तर इथूनच सांगायला हवी. सिमोन आमच्या प्रार्थनेच्या हॉलचा राखणदार. नगरकडचा माणूस, रेल्वेत गँगमन होता, दारूपायी नोकरी गेली, बायको गेली, मेजाशी येणंही बंद झालं. मंडळीनं दया येऊन हॉलमागची खोली त्याला दिली होती. पाळकसाहेबांनी त्याला उपदेश केला, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून एक अप्रतिम प्रार्थना केली, आणि दोन्ही वेळा तो रडला आणि आठवड्यानं पुन्हा प्याला. सगुणाबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. "तहान कितीला लागते?"

"दिवेलागनीला, बाई. सहाला."

"मग सहाला माझ्या ओट्यावर ये. एक अध्याय मला वाचून दाखव."

सिमोनला धड वाचता येत नव्हतं. एकेक अक्षर लावत एका अध्यायाला त्याला तास लागायचा, आणि त्या तासात ती वेळ टळून जायची. ऊन, पाऊस, ताप, सण, काही असलं तरी सहाला सिमोन ओट्यावर. बाई आत भाकऱ्या थापत असायच्या आणि चुकलेला शब्द आतूनच सुधारायच्या. असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षांत तो एक थेंब प्याला नाही. त्याला पुन्हा मेजाशी घेतलं त्या रविवारी त्यानं नवा सदरा घातला होता, आणि त्यानं हातात घेतलेला पेला पाळकसाहेबांना खालून धरावा लागला.

त्याच सुमारास दारूबंदी आली. पुष्कळ मंडळ्यांनी मनुका उकळून त्यांचा रस वापरायला सुरुवात केली, पण आमचे पाळकसाहेब जुन्या वळणाचे. त्यांनी रीतसर परवाना काढून खऱ्या द्राक्षारसाची बाटली मिळवली. ती हॉलमधल्या कपाटात कुलपात असे. किल्ल्या दोन होत्या. एक सिमोनकडे, एक माझ्याकडे.

प्रभुभोजनाच्या आधीचा शुक्रवार होता. गाण्याची तालीम आटोपून सगळे गेले आणि मी आणि माझा एक मित्र मागं राहिलो. मित्र म्हणाला, "सगळ्या राज्यात बंदी आणि तुमच्या कपाटात बाटली! चव तरी बघू." मी आधी नको म्हटलं, मग कपाट उघडलं. एक घोट, मग आणखी एक. आम्हाला हसू आवरेना. कशाला हसत होतो ते आज आठवत नाही, हसणं आठवतं. भानावर आलो तेव्हा बाटली निम्म्याच्या खाली गेली होती. मी बूच लावलं, बाटली कपाटात मागं सरकवली आणि कुलूप घातलं.

रविवारी पाळकसाहेबांनी बाटली काढली, उजेडात धरली, आणि सिमोनकडे बघितलं. सगळ्यांनीच सिमोनकडे बघितलं. मीही बघितलं.

चार दिवसांनी मंडळीचे पंच बसले. सिमोन उभा होता. "म्या न्हाई घेतली," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज खाली आला होता. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, हे पंचांना ठाऊक होतं. पण माझ्याकडे बघून कुणाला तसा विचारसुद्धा सुचला नाही. सगुणाबाई पंचांत नव्हत्या, बायका नसतच. त्या दारात येऊन सांगून गेल्या की शुक्रवारी संध्याकाळी सिमोन त्यांच्या ओट्यावर होता. पंच म्हणाले, शुक्रवारीच घेतली कशावरून? आठवड्याला सात दिवस असतात. सिमोननं खोली सोडावी आणि वर्षभर मेजाशी येऊ नये, असा ठराव झाला. चिटणीस म्हणून तो मी लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं आहे. तो कागद मंडळीच्या दप्तरात अजून असेल.

सिमोन ठाण्याच्या खाडीकडे एका मिठागरावर राखणीला लागला, असं कळलं. रात्री मला झोप लागत नव्हती, असं लिहायला आज बरं वाटलं असतं. पण झोप लागत होती. मी स्वतःला सांगत होतो की योग्य वेळ आली की बोलीन, देव मला बळ देईल. वेळ आली, एकदा नाही, बऱ्याचदा. देव अंतःकरणात काही भरून आणील म्हणून मी वाट बघत बसलो होतो, आणि ते काही भरून येईना.

पुढच्या महिन्यात शनिवारी दुपारी सगुणाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. छत्री भिंतीला टेकवली, हात जोडले.

"प्रभाकरराव, मी तुमची क्षमा मागायला आलेय."

मला त्यांनी प्रथमच 'राव' म्हटलं होतं. मी म्हटलं, "बाई, हे काय? बसा तरी."

"बसत नाही. त्या शुक्रवारी सिमोन वाचत होता आणि मला बाळंतपणाचं बोलावणं आलं. त्याला ओट्यावर तसाच सोडून मी निघाले. हॉलवरून जाताना आतून हसणं ऐकू आलं. तुमचं वाटलं. मी आत डोकावले नाही, घाई होती. पुढं बाटलीचं निघालं तेव्हा माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं की ते तुम्हीच. मी डोळ्यांनी बघितलं नाही. न बघता मी तुम्हाला चोर केलं. महिना झाला, सकाळी तुमचं नाव घ्यायला गेले की घशाशी अडकतं. उद्या मला मेजाशी जायचंय. मला क्षमा करा."

त्यांच्या डोळ्यांत डाव नव्हता. मला पेचात धरायला त्या आल्या असत्या तर मी कदाचित कबूल झालो असतो, निदान चिडलो तरी असतो. पण त्या खरोखरच क्षमा मागत होत्या. एक शब्द पुरला असता. 'बाई, तो मीच,' एवढाच.

मी म्हणालो, "बाई, मनात काही ठेवू नका. मी क्षमा केली."

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. मी म्हटलं, "आपण प्रार्थना करू या." डोळे मिटून मी सुरेख प्रार्थना केली. निर्दोष माणसावर आळ येतो तेव्हा त्याला धीर दे, असं काहीतरी त्यात होतं. बाईंनी पदरानं डोळे पुसले, मोकळा श्वास घेतला आणि छत्री उचलून पुढच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मेजाशी आम्ही शेजारी शेजारी उभे होतो.

पुढं सहा-सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, कचेरीत बढती मिळाली. बाई निवृत्त होऊन डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला भाचीकडे राहायला गेल्या. मग मंडळीनं मलाच पंच नेमायचं ठरवलं. ज्या खुर्चीतून सिमोनला बाहेर काढलं, त्याच खुर्चीत मला बसवणार होते. आता मात्र मला खरंच झोप येईना. नेमणुकीच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, मी डोंबिवलीला गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं. घोट, हसणं, ठराव, क्षमा, सगळं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला वाटलं होतं ते खरं होतं."

"हो, बाई."

"तरी न बघता वाटलं, ते चुकलंच." मग विचारलं, "सिमोनला सांगितलंस?"

"नाही. तुम्हीच मला आधी क्षमा—"

"माझ्यापाशी काय आहे द्यायला? माझं काय घेतलंस तू? त्याचं घेतलंस. चल ऊठ. मी येते."

तेव्हा त्यांचे पाय सुजलेले असत, जिना उतरताना त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत. तरी आल्या. ठाण्याला उतरून आम्ही टांगा केला, आणि टांगा जाईना तिथून बांधावरून चालत गेलो. दोन्हीकडे मिठाचे ढीग, डोळे दिपवणारं ऊन. सिमोनची झोपडी दिसली तशा बाई थांबल्या. "पुढं तू जा. मी इथं आहे. तुझं बोलणं मला ऐकायचं नाही." आणि खाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सिमोनचे केस पांढरे झाले होते. मला बघून तो धडपडत उठला. "प्रभाकरसायेब! मंडळीनं धाडलं व्हय?" त्यानं खाटेवरची गोधडी झटकली, चहाचं आधण ठेवलं. कोपऱ्यात फळीवर शास्त्र होतं, पानं दुमडलेली, मिठाच्या दमट हवेनं फुगलेली. "सहाचं वाचान अजून चालू हाय," तो म्हणाला. "दोनदा संपिवलं. प्यालो न्हाई, सायेब. त्या टायमापासनं येकदाबी न्हाई."

मी म्हटलं, "सिमोन, त्या बाटलीबद्दल—"

"त्येच सांगायचं हुतं कुणालातरी," तो मधेच म्हणाला. माझ्यापुढं तो जमिनीवर बसला. "आधी म्या म्हनायचो, न्हाई घेतली. मंग इचार केला, येवढी देवाची मानसं म्हनत्यात ती काय खोटं? पिनाऱ्याला काय आठवतंया, सायेब? म्याच घेतली आसंल. आता रोज तेवढ्यासाठी माफी मागतो देवाजवळ. तुमी पंचास्नी सांगा, सिमोननं गुना पदरात घेतला म्हनून."

निर्दोष माणूस सात वर्षं माझ्या पापाची क्षमा मागत होता, आणि ते ओझं एका वाक्यानं उतरवणं माझ्या हातात होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तोंड उघडलंही.

"जाऊ दे, सिमोन," मी म्हणालो. "देवानं कधीच क्षमा केली असेल तुला."

त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथं बसवेना. चहा तसाच टाकून मी उठलो.

हे असं का झालं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भित्रेपणा तर होताच. पण त्याहून साधं कारण असावं. जे जड जातं ते ठरल्या वेळी उठून करायची मला कधी सवयच नव्हती. बाई रोज पाचला उठून, मन नसताना, जे घोटून घेत होत्या, ते या अशा एका क्षणासाठी असतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तेव्हा कळून काही उपयोग नव्हता. सगुणाबाई त्याच वर्षी गेल्या. सिमोन त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं मिठागरावरच गेला. तेवढ्या काळात मी एकदाही तिकडे फिरकलो नाही. पंच म्हणून मी अठरा वर्षं काढली.

बाई आठवतात त्या बांधावरच्या. मी परत आलो तेव्हा त्या तशाच खाडीकडे तोंड करून उभ्या होत्या. माझी चाहूल लागली तशा वळल्या.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाला तो?"

"क्षमा केली म्हणाला."

त्यांचा चेहरा मी त्याआधी इतका आनंदलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं, डोळे मिटले, आणि त्या भर उन्हात देवाचे आभार मानले. या लेकराला तू धैर्य दिलंस, म्हणाल्या. खोट्यातून बाहेर काढलंस, म्हणाल्या. त्यांना माझ्यासारखी प्रार्थना करता येत नसे, शब्द अडखळायचे, तेच तेच पुन्हा यायचे. मी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होतो.

"आमेन म्हणालास का रे?" डोळे उघडून त्यांनी विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

"म्हणालो, बाई."

मी म्हणालो नव्हतो.